कृष्णनाथाच्या बंदुकीचा भाव

"दोनशे रुपये?"

जयराम गावस असा काही ओरडला की पोलीस ठाण्यातल्या हवालदाराचा चहा बशीत सांडला. समोर कोर्टाने नेमलेला व्हॅल्युअर रजिस्टरात मान घालून शांतपणे लिहीत होता. 'एक जुनी बंदूक, गंजलेली' असे लिहून त्याने पुढे दोन आणि त्यावर दोन शून्ये काढली होती. शून्येही अशी घाईघाईने, अर्धवट मिटलेली काढली होती की जयरामला ती जास्तच झोंबली.

"ओ भाऊ, सकाळी माझ्या घरचो तांब्याचो हंडो तुमी अठराशे लिवलात. पाणी तापवूचो हंडो अठराशे, नि माझ्या बापाशीची बंदूक दोनशे? डोळे जाग्यार आसत मां तुमचे?"

"तांब्याला भाव आहे, काका. ह्याच्यात लोखंड किती आणि लाकूड किती, तुम्हीच बघा. लाकूडही वाळवीने खाल्लंय."

"वाळवी हडे लागली! आमच्या घरात साठ वर्सां रवली, एक टवको गेलो नाय." जयरामने हवालदाराकडे बोट केले. "हेंनी दोन वर्सां तिका कोनशात उभी केली नि तिच्यार रेनकोट सुकत घातलो. आत्तासुद्धा होतो. मी काढलो!"

हवालदाराने तो रेनकोट गुपचूप खुर्चीमागे सारला आणि बशीतला चहा प्यायला सुरुवात केली.

बंदूक ठाण्यात का होती, तर तिचे लायसन जयरामच्या वडिलांच्या, कृष्णनाथ गावसांच्या नावावर होते, आणि कृष्णनाथ दोन वर्षांमागे एक्याण्णवाव्या वर्षी वारले. लायसनवाला गेला की बंदूक पोलिसांत जमा. ती परत मिळायची तर ती आता कुणाची हे आधी कोर्टात ठरायला हवे, आणि गोव्यात हे ठरवायची रीत म्हणजे इन्व्हेंटरी. गेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या एकूण एक वस्तूची कोर्टात यादी करायची, प्रत्येकीची किंमत लावायची, मुलाला आणि मुलीला वाटा सारखा. एकाच वस्तूवर दोघांचे मन गेले तर भावंडांनी कोर्टातच एकमेकांविरुद्ध बोली बोलायची. जास्त बोलेल त्याची वस्तू, आणि त्याने दुसऱ्याला अर्धे पैसे मोजायचे.

कृष्णनाथांना मुले दोनच. लाटंबार्सेत राहणारा जयराम आणि धारगळला दिलेली सत्यवती. घर, काजूची बाग, भातशेती, सगळे सामोपचाराने ठरले होते. भांड्याकुंड्यांवर तर सत्यवतीने पाणीच सोडले होते. "माका कायएक नको रे दादा, बंदूक तुकाच रवांदे," असे ती फोनवर म्हणाली होती, आणि जयरामने "बरां" म्हणून फोन ठेवला होता. इतके सोपे होते सगळे!

पण बंदूक म्हणजे काही हंडा नव्हता. लाटंबार्सेच्या त्यांच्या वाड्यावरच्या देवळात दसऱ्याला शस्त्रे पुजतात. पाटावर कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, बाबली गावसाच्या घरची तलवार, असे सगळे मांडले जाते आणि देवाचे पहिले फूल पडते ते कृष्णनाथांच्या बंदुकीवर. एकसष्ट साली पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गोवा सोडून पळाले तेव्हा तहानेने व्याकुळ झालेल्या एका पाखल्याने कृष्णनाथांकडे शहाळे मागितले आणि बदल्यात ही बंदूक दिली, अशी त्या घरची कथा होती. कृष्णनाथांनी मग तिचे रीतसर लायसन काढले, दर निवडणुकीला इमानाने ती ठाण्यात जमा केली, आणि रानडुकरे शेतात आली की ती खांद्यावर घेऊन ते बांधावर उभे राहिले. बंदूक कधी उडाली नाही. डुकरे कृष्णनाथांच्या शिव्यांनीच पळत. पण मान तो मान, आणि तो जयरामला ह्या दसऱ्याला परत घरात हवा होता.

ठाण्यातून निघालेला जयराम तणतणत वकिलाच्या ऑफिसात गेला. वकील म्हणजे सुविधा नाईक, तिशीतली, डोक्याने थंड मुलगी.

"काका, आधी पाणी प्या. किंमत कमी लागली हे चांगलंच झालं. दोनशेची वस्तू तुम्ही घेतली की बहिणीला शंभर रुपये द्यायचे, विषय संपला."

"विषय संपलो? बाय, तुझ्या बापाशीक कोणी शंभर रुपयांत गुंडाळलो तर तुका चलात?"

"काका, बंदूक वेगळी आणि वडील वेगळे."

"तुमच्या घराकडे आसतीत वेगळे!" जयराम म्हणाला आणि पाणी न पिताच उठला.

तरीही घरी येऊन, जेवून, जरा आडवे झाल्यावर तो थंड झाला असता. रंजनानेही त्याला तेच सांगितले. "गिळा ता दोनशे. बंदूक घराक हाडा, मगे काय बोंबलायचा ता बोंबला." बायकोचे म्हणणे त्याला पटत आले होते. पण ठाण्यातल्या त्या हवालदाराची सासुरवाडी नेमकी लाटंबार्सेची निघाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर उंडे-पाव घेऊन आला तेव्हा बातमी त्याच्याही आधी वाड्यावर पोचली होती.

"जयराम, चार उंडे घेतलंस? वीस रुपये झाले मां?" बाबली गावस सायकलीशी उभा राहून म्हणाला. "धा दिस उंडे खाव नको. दहाव्या दिसा तुझी बंदूक येता!"

पोदेर हसला. शेजारच्या दोन बायका हसल्या. जयरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आनी खरा सांगतंय," बाबलीने आवाज खाली आणला, म्हणजे आता त्याला खरेच काही सांगायचे होते, "ह्या दसऱ्याक मी गावकारांका इचारतलंय. दोनशे रुपयांच्या भंगारामागे आमच्या तलवारीन कित्याक रवाचा? देवाच्या फुलाक काय मोल आसा का नाय?"

गावकारांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, विचार करू म्हटले. विचार करू म्हणजे काय, हे जयरामला चांगले ठाऊक होते. साठ वर्षांचा मान एका व्हॅल्युअरच्या दोन शून्यांनी बाबलीच्या दारात जाऊन पडणार होता! त्याने त्याच दिवशी ठरवले की बंदुकीची खरी किंमत कोर्टाच्या कागदावर आणायची. मग काय वाटेल ते होवो.

बंदुकीतले कळणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता. सुर्लाच्या खाणीवर रखवालीला असलेला मारुती, मूळचा गडहिंग्लजकडचा, सतरा वर्षे फौजेत काढलेला. जयराम सुर्लाला गेला, त्याला स्कूटरवर मागे बसवून ठाण्यात घेऊन आला आणि बंदूक त्याच्या हातात दिली. मारुतीने ती उलटी केली, सुलटी केली, नळीत डोळा घालून उजेडाकडे धरली.

"कसली दिसता?" जयरामने अधीर होऊन विचारले.

"अंधार दिसतोय."

"बंदूक कसली दिसता, म्हणान इचारलंय!"

"फौजेनं टाकून दिल्याला माल हाय ह्यो, जयरामराव. आनि फौज चांगली वस्तू टाकत न्हाई."

"टाकून नाय दिलेली! पाखल्यान शहाळ्यार दिलेली!"

"त्येच की वो. चालणारी बंदूक कोन शहाळ्यावर देतंय?" मारुतीने बंदूक जपून भिंतीला टेकवली. "चाप वढला तर गोळी फुडं जाईल का मागं, मी लिहून देनार न्हाई."

"तरीपण किंमत?"

"किंमत कसली? कुनी घरातनं घिऊन जात आसंल तर त्याला च्या पाजा."

जयरामने मारुतीला आंधळा म्हटले, अडाणी म्हटले, फौजेत तू भांडी घासत होतास काय असेही विचारले, आणि परतीला त्याला बसथांब्यावरच सोडून दिले. मारुती बसने सुर्लाला गेला. तिकिटाचे पैसेही त्याचेच.

संध्याकाळी मुलगा प्रज्योत फॅक्टरीतून आला, आणि जे सतरा वर्षांच्या फौजेला जमले नव्हते ते त्याच्या मोबाइलने पाच मिनिटांत करून दाखवले.

"पप्पा, हडे बगा. सेम टू सेम! अमेरिकेत विकाक आसा. चोवीसशे डॉलर."

"चोवीसशे म्हणजे आपले किती?"

"दोन लाखांच्या वयर."

जयराम उठून उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उठून चष्मा घेऊन आला. फोटोतली बंदूक तेल लावून पुसलेली, आरशासारखी लखलखीत होती, पण दस्ता तोच, चाप तोच, नळीही तेवढीच लांब. पाखल्यांच्या फौजेतली, असे खाली स्पष्ट लिहिले होते.

"पण पप्पा, ती चालता म्हणान लिवलां."

"आमची चलना म्हणान कोणी लिवलां?" जयराम गरजला. "ह्यां सगळां छापून हाड."

प्रज्योतने अकरा पाने छापून आणली. सुविधाने तीनदा सांगून पाहिले, "काका, वाढलेली किंमत तुमच्याच अंगावर येईल हं," पण जयरामला त्या दोन शून्यांपलीकडे काही दिसत नव्हते. शेवटी कोर्टात अर्ज गेला आणि दुसरा व्हॅल्युअर नेमला गेला. हा सेवानिवृत्त, सावध गृहस्थ होता. जयराम त्याच्या सोप्यावर सकाळी नऊला जाऊन बसला तो साडेअकरापर्यंत उठला नाही. अकराही पाने त्याने मोठ्याने वाचून दाखवली. पाखल्याचे शहाळे तर दोनदा सांगितले. गृहस्थांच्या बायकोने आतून दोनदा जेवायची पाने घेऊ का म्हणून विचारले. अखेर त्यांनी ठाण्यात जाऊन बंदूक बघितली, न बघितली, आणि एकदाची किंमत लिहून टाकली. एक लाख ऐंशी हजार रुपये.

त्या दिवशी लाटंबार्सेत जयरामने तिठ्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना भजी खाऊ घातली. मूल्यांकनाच्या कागदाची प्रत हॉटेलाच्या दारावर चिकटवली. ती सुटू नये म्हणून चारी कोपऱ्यांना दोन दोनदा टेप लावली. बाबलीने भज्यांच्या दोन प्लेटी खाल्ल्या, कागद नीट वाचला, आणि "माका आदीच म्हायत होता, वस्तू भारी आसा," एवढे बोलून तोंड पुसत निघून गेला. गावकार म्हणाले, आता कसला विचार करायचा? पहिले फूल बंदुकीलाच.

आणि रात्री जेवताना धारगळहून फोन आला.

"दादा, एक लाख ऐंशी हजार?" सत्यवतीचा आवाज एकदम गोड होता.

"मगे! बाबांची बंदूक ती. काय कोयतो वाटलो तुका?"

"मगे माझो अर्धो."

जयरामचा घास हातातच राहिला. "तू म्हणालंस मां, माका कायएक नको म्हणान?"

"ता दोनशेचा नको म्हणालंय. आता तूच एवढी किंमत काढलंस नि मी नको म्हटलंय तर बाबांचो अपमान जाता. नि अर्धो तरी कित्याक? माका बंदूकच व्हयी. मी बोली लावतलंय."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच जयराम सुविधाच्या दारात उभा.

"बाय, ती बंदूक भंगार आसा. एक नंबरचो भंगार. नळीत अंधार आसा. ता कोर्टाक सांग."

सुविधाने फाईल काढली. "अर्जात तुम्ही काय लिहून दिलंय, वाचू?"

"नको."

तिने वाचले. "सदर बंदूक ऐतिहासिक, दुर्मिळ, उत्तम स्थितीत असून अख्ख्या गोव्यात अशी दुसरी असल्यास अर्जदारास दाखवून द्यावी." खाली जयरामची सही होती. सहीखाली त्याने दोन रेघाही ओढल्या होत्या.

मग तो सुर्लाला गेला. बंदूक टाकाऊ आहे असे मारुतीने फक्त लिहून द्यावे, तो म्हणेल ते मान्य. मारुतीने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले.

"त्या दिशी मला आंधळा म्हनलासा," मारुती म्हणाला. "आंधळ्याची सही कोर्टात चालत न्हाई."

बोलीच्या दिवशी भाऊ-बहीण कोर्टात समोरासमोर उभी राहिली. जयरामच्या मागे रंजना, त्याच्या शर्टाचे टोक धरून. सत्यवतीच्या मागे कुणी नाही. ती एकटीच आली होती, छान इस्त्रीची साडी नेसून, काखेत पर्स.

"एक लाख पंच्याऐंशी," जयराम म्हणाला.

"नव्वद," सत्यवती म्हणाली.

"पंच्याण्णव."

"दोन लाख."

तिच्या नवऱ्याच्या दुकानासमोरची जागा हायवेच्या रुंदीकरणात गेली होती आणि तिचे पैसे नुकतेच हातात आले होते. जयरामकडे होते ते काजूच्या एका हंगामाचे. दोन लाख दहाला त्याचा आवाज बसला. तीसला कान लाल झाले. "माझ्या सख्ख्या बापाशीच्या बंदुकीक मी माझ्याच भैणीविरुद्ध बोली लावतंय!" असे त्याने न्यायाधीशांनाच सांगून टाकले, तेव्हा "तोही तिचा सख्खा बापच आहे," असे न्यायाधीश म्हणाले. दोन लाख पंचावन्नला रंजनाने शर्ट इतक्या जोरात ओढला की मागचे बटण तुटले असते, पण शर्टाला मागे बटण नसते म्हणून वाचले.

"दोन लाख साठ," सत्यवती म्हणाली.

जयरामने तोंड उघडले. पुन्हा मिटले. बंदूक सत्यवतीची झाली.

कोर्टाबाहेरच्या पायऱ्यांवर त्याने तिला गाठले. "मुद्दाम केलंस!"

"होय, मुद्दाम केलंय."

"कित्याक? काय करतलंस तू बंदूक घेवन? दुकानात गिऱ्हायकांका दाखयतलंस?"

"किंमत दोनशे लावली म्हणान तुका एवढो राग इलो," सत्यवती म्हणाली, आणि आता तिचा आवाज गोड नव्हता. "ठाण्यात बोंबललंस, वकिलाकडे बोंबललंस, सुर्लाक गेलंस, कोर्टात अर्ज घातलंस. आनी मी? सा वर्सां झाली, तू माझ्या उंबऱ्यार पाय ठेवूक नाय. चवथीचां माझां वजें, माहेरचो फराळ, तू प्रज्योताच्या मोटरसायकलीक दोरयेन बांदून धाडतंस. गेल्या वर्सा करंज्यांचो भुगो झालेलो! माझी माहेरची करंजी मी चमच्यान खाल्लंय. लाटंबार्सेसून धारगळाक येवक तुका वेळ नाय, नि त्या फौजीक सुर्लाक जावन हाडूक वेळ आसा? माझी किंमत कोणी काढलेली रे दादा? शंभर रुपये?"

जयराम रागाने दोन पायऱ्या उतरला. मग परत वर आला.

"दसऱ्याक बंदूक देवळात व्हयी मां तुका? मगे ये माझ्या घरा. तू स्वता ये. मागून घेवन जा."

"मेलंय तरी येवचंय नाय!" जयराम म्हणाला.

सत्यवतीने त्याचे एक लाख तीस हजार दोन दिवसांत त्याच्या बँकेत भरले. पासबुकात त्या आकड्याकडे बघितले तरी जयरामचे डोके फिरत असे. लायसन तिच्या नावावर व्हायला भावाचे ना-हरकत पत्र लागणार होते. त्यावर त्याने इतक्या रागाने सही केली की पेन कागदातून आरपार गेले आणि प्रज्योतला दुसरा कागद आणावा लागला. सत्यवतीने पदर खोचून बंदूक चालवायचे सरकारी शिक्षणही पुरे केले. तिथल्या शिक्षकाने तिचा नेम सगळ्यांत चांगला म्हणून सांगितले, हे धारगळपासून लाटंबार्सेपर्यंत सगळ्यांना कळले. ते जयरामला कळू नये म्हणून कुणीच प्रयत्न केला नाही.

लायसन झाले, बंदूक धारगळला गेली आणि दसरा आला. आदल्या दिवशी गावकारांचा निरोप आला. बंदूक येणार ना? नसेल तर तसे सांगा, फूल तलवारीला घालू. बाबलीच्या अंगणात चिंच लावून तलवार घासण्याचा आवाज सकाळपासून येत होता. जयरामने ठाण्यातल्या हवालदाराला फोन करून विचारले की बंदूक नुसती प्रज्योताकडून आणवता येईल का.

"लायसनवाल्याशिवाय हलवायची नाही," हवालदार म्हणाला. "मालकिणीसकट आणा."

"जावा," रंजना म्हणाली. तिने पिशवी भरूनच ठेवली होती. नारळ, अबोलीचे वळेसार, आणि भुगा न झालेल्या करंज्या. "थंय जावन भांडू नकात."

सकाळी स्कूटर काढताना जयरामने मनाशी ठरवले होते की फाटकाबाहेर उभे राहायचे, हॉर्न वाजवायचा, आत पाऊल टाकायचे नाही. पण धारगळला फाटक उघडेच होते आणि सत्यवती नवी साडी नेसून सोप्यावर बसली होती. कधीपासून बसली होती कोण जाणे. तिने पिशवी उघडली. एक करंजी बाहेर काढून चारी बाजूंनी बघितली आणि आत गेली. मग पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, शिरा आला.

"खा. बाबा असोच खायत, मान खाली घालून."

"बाबांका शिरो आवडा नाय."

"तुझ्याकडे आवडा नाय. माझ्याकडे तीनदा मागून घेयत," सत्यवती म्हणाली. "तशी बंदूकसुद्धा तुका येक सांगली नि माका येक."

"म्हणजे?"

"पाखलो नाय नि शहाळा नाय. फौजेन टाकलेल्या मालाचो बेळगावाक लिलाव झालो, थंयसून बाबांनी ती पंचेचाळीस रुपयांक घेतली. माका स्वता सांगलेला."

"फट! साफ खोटां!" जयराम पानावरून उठलाच. "पाखल्यान दिली! शहाळ्यार! माझ्या बापाशीन माका फट कशी सांगात?"

"आनी माझ्या बापाशीन माका सांगली काय?"

हात धुताना दोघे भांडली. चपला घालताना भांडली. दाराला कुलूप लावताना शेजारीण बघायला बाहेर आली. स्कूटरवर मागे बसून सत्यवती त्याच्या कानात पंचेचाळीस रुपये, पंचेचाळीस रुपये म्हणत राहिली आणि जयराम समोर रस्त्याकडे बघून शहाळे, शहाळे म्हणत राहिला. कोलवाळचा पूल गेला, थिवी गेले. अस्नोड्याला तर त्याने स्कूटर बाजूला घेऊन, इंजिन बंद करून, नीट मागे वळून भांडण केले. पाखल्याने शहाळ्याऐवजी पंचेचाळीस रुपये घेतले असतील का, इथपर्यंत ती दोघे आली आणि पुन्हा निघाली. सहा वर्षांत ती दोघे एकमेकांशी मिळून इतके बोलली नव्हती.

देवळात सगळे खोळंबले होते. पाटावर कोयते, कुऱ्हाडी, फाळ मांडलेले. चकचकीत तलवार हातात धरून बाबली. भटजी फूल घेऊन उभे.

"या, या," गावकार म्हणाले. "बंदूक खंय?"

जयरामने सत्यवतीकडे बघितले. सत्यवतीने जयरामकडे.

"तू घेतलंस मां?"

"मी कशी घेतलंय? गाडी तू चालयत होतंस, वस्तू तू बगूची!"

"लायसन तुझां! पंचेचाळीस पंचेचाळीस करून माझां डोकां खालंस तू!"

बंदूक धारगळला लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सत्यवतीच्या पर्समध्ये. जाऊन यायला दोन तास. भटजींनी घड्याळ बघितले आणि मान हलवली. बाबली घसा खाकरून पुढे सरकला आणि तलवार पाटाच्या बरोबर मधोमध ठेवायला वाकला. जयरामला वाटले, झाले. आता ह्या माणसाचे उंड्यांचे हिशेब मरेपर्यंत ऐकायचे.

सत्यवतीने पर्स उघडली. किल्ली बाजूला केली, रुमाल बाजूला केला आणि प्लास्टिकच्या पिशवीतले लायसनचे पुस्तक काढून पाटावर ठेवले.

"बंदूक नाय. बंदुकीचां लायसन आसा. ह्याचेर घाला फूल."

"ही शस्त्रपूजा आहे, बाई," भटजी म्हणाले. "कागदाला कसं..."

"खरा म्हणतत भटजी!" बाबली ओरडला. "शस्त्र खंय आसा? माझां बगा, शस्त्र!"

तेव्हा जयरामचा इतक्या महिन्यांचा राग एकदमच बाहेर पडला, आणि तोही योग्य जागी. "अरे, दोन लाख साठ हजारांच्या वस्तूचो सरकारी कागद आसा तो! माझ्या भैणीन नेम धरून काढलेलो! तुझ्या तलवारीक लायसन आसा? आसा तर हाड, दाखय. तो बग, बंदोबस्ताचो पोलीस उभो आसा. तेका दाखय!"

खांबाला टेकून उभ्या असलेल्या पोलिसाने नाइलाजाने तलवारीकडे बघितले. सगळ्या देवळाने पोलिसाकडे बघितले. बाबलीने तलवार पाठीमागे घेतली, मग पंच्याखाली घेतली, आणि हिला अजून जरा धार काढायची राहिली आहे असे काहीतरी पुटपुटत तो घराकडे चालू लागला.

गावकारांनी भटजींकडे बघितले. भटजींनी पुस्तक उघडले, पहिल्या पानावर हळद-कुंकू वाहिले आणि देवाचे पहिले फूल ठेवले. कुंकू नेमके फोटोतल्या सत्यवतीच्या कपाळावर पडले. बायकांनी तिला पुढे बोलावून घेतले आणि नारळ तिच्या ओटीत घातला. जयराम शेजारीच उभा होता. नाकपुड्या अजून फुगलेल्या होत्या, पण तो फोटोकडे बघत होता.

"फुडल्या वर्सा सकाळी सातांक ये," पदर सारखा करत सत्यवती म्हणाली. "नि बंदूक विसरू नको."

"सातांक?" जयराम उसळला. "मी काय तुझो ड्रायव्हर?"

त्याने पाटावरचे लायसन उचलले, वरचे कुंकू सांडू न देता ते पिशवीत घातले आणि तिच्या हातात दिले.

"साडेसातांक येतंय," तो म्हणाला. "पुऱ्यो तळून ठेव."